दुसऱ्या प्रयोगाची मागणी : पॅरिसच्या आन्सांब्ल अँतेरकोंतांपोरँला खुले पत्र

प्रति,
सर्व एकलवादक, संगीत दिग्दर्शक आणि व्यवस्थापन,
आन्सांब्ल अँतेरकोंतांपोरँ, पॅरिस

विषय : एकदा वाजवलेल्या नव्या रचना पुन्हा वाजवण्याबाबत

स. न. वि. वि.

मी वादक नाही, रचनाकार नाही आणि समीक्षा लिहिण्याइतका माझा अभ्यासही नाही. गेली अनेक वर्षे आपली ध्वनिमुद्रणे ऐकत आले आणि जमेल तेव्हा तिकीट काढून नव्या संगीताच्या, म्हणजे आपल्या काळातल्या रचनाकारांनी लिहिलेल्या पाश्चात्त्य संगीताच्या, मैफलींना बसले, एवढ्याच अधिकारावर हे पत्र लिहीत आहे. ते मराठीत लिहिण्याचे कारण असे की मला जे म्हणायचे आहे त्यातला कळीचा शब्द मराठीतच आहे आणि त्याला फ्रेंच किंवा इंग्रजी प्रतिशब्द शोधताना त्याचा निम्मा अर्थ गळून पडतो. आपल्या हाती पत्र अनुवादातून पडेल हे मला ठाऊक आहे. पण पत्र खुले आहे, त्यामुळे ते माझ्या भाषेतले श्रोतेही वाचतील, आणि त्यांच्यासाठी काही गोष्टी थोड्या मागून सांगणे भाग आहे. आपल्याच स्थापनेची हकिगत आपल्याला ऐकवणे म्हणजे लग्नघरी जाऊन नवऱ्यामुलाची ओळख करून देण्यासारखे आहे, तरी तेवढे सहन करावे.

फ्रेंच रचनाकार आणि कंडक्टर पिएर बुलेझ यांनी १९५४ मध्ये पॅरिसच्या प्ती मारिन्यी या छोट्या रंगमंदिरात ज्या मैफली सुरू केल्या त्यांना पुढे ‘दोमेन म्युझिकाल’ हे नाव पडले. शोनबर्ग आणि वेबर्न या व्हिएन्नाच्या आधुनिक रचनाकारांचे संगीत त्या काळी पॅरिसमध्ये क्वचितच कानी पडे. ते नीट तालीम करून लोकांसमोर आणणे आणि त्याच्या शेजारी अगदी ताज्या रचना ठेवणे हा त्यामागचा हेतू होता. हा उपक्रम १९७३ पर्यंत चालला. अडचण अशी होती की वादक प्रत्येक वेळी इकडूनतिकडून गोळा करावे लागत. आज ऑपेराच्या वृंदात असलेला माणूस उद्या वेबर्न वाजवायला यायचा आणि परवा पुन्हा आपल्या नेहमीच्या कामाला लागायचा. दरम्यान १९६६ मध्ये संस्कृती मंत्री आंद्रे मालरो यांनी संगीताचा कारभार मार्सेल लांदोव्स्की यांच्याकडे सोपवला, बुलेझ संतापले आणि त्यांनी देशातल्या संगीतजीवनाशी संबंध तोडले. लंडनमध्ये बीबीसी सिंफनीचे आणि न्यूयॉर्कमध्ये फिलहार्मोनिकचे ते प्रमुख झाले. त्यांना परत आणण्यासाठी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज पाँपिदू यांनी १९७० मध्ये एक संगीत-संशोधन संस्था उभारून देण्याचा प्रस्ताव मांडला. तीच पुढे ‘इर्काम’ म्हणून ओळखली गेली. संशोधन करणारी संस्था हवी तर त्या संशोधनातून निघालेले वाजवणारे हातही हवेत, आणि ते हात उसनवारीचे असून भागणार नाही, हे दोमेन म्युझिकालच्या अनुभवाने बुलेझ यांना पुरते कळले होते. संस्कृती राज्यमंत्री मिशेल गी यांचा पाठिंबा आणि १९६८ मध्ये लंडन सिन्फोनिएट्टा या नव्या संगीताच्या वृंदाच्या स्थापनेत सहभागी असलेल्या निकोलस स्नोमन यांचे साहाय्य घेऊन त्यांनी १९७६ मध्ये आपला हा वृंद, आन्सांब्ल अँतेरकोंतांपोरँ, उभा केला.

वृंदात एकतीस वादक, आणि त्यांतला प्रत्येकजण एकलवादक. मोठ्या सिंफनी वृंदात व्हायोलिनवाल्यांची पलटण एकच ओळ मिळून वाजवते आणि एखाद्याचा गज क्षणभर अडखळला तरी तो इतरांच्या आवाजात झाकून जातो. आपल्याकडे बहुतेक रचनांत ज्याची ओळ त्यालाच निभवावी लागते. शोनबर्ग यांनी १९०६ मध्ये पंधरा एकल वाद्यांसाठी लिहिलेल्या पहिल्या चेंबर सिंफनीत ही रचनापद्धत ठळकपणे पुढे आली, आणि जगभर आज असे जे वृंद आहेत त्यांची कुळी तिथपर्यंत पोहोचते. पण आपले वेगळेपण आपल्या वादकांच्या नेमणुकीत आहे. लंडन सिन्फोनिएट्टाचे वादक मैफलीगणिक एकत्र येतात. १९८० मध्ये स्थापन झालेले फ्रँकफर्टचे एन्सेम्बल मॉडर्न वादकांच्याच मालकीचे आहे आणि तिथले निर्णय वादक एकत्र बसून घेतात. आपले एकतीस जण मात्र कायम नेमणुकीवर, पगारावर आहेत, आणि त्या पगारामागे फ्रान्सच्या संस्कृती मंत्रालयाचे अनुदान व पॅरिस शहराची मदत आहे. याचा सरळ अर्थ असा की नव्या संगीताच्या जगात ज्या गोष्टीची सर्वांत जास्त टंचाई असते, ती गोष्ट म्हणजे वेळ, आपल्याकडे इतरांपेक्षा अधिक आहे. माझी सगळी विनंती या एका वाक्यावर उभी आहे.

या वेळेचे आपण काय केले याची यादी मोठी आहे, आणि ती देऊन मी पत्र लांबवणार नाही. मिशेल ताबाश्निक, पेटर एत्व्होश, डेव्हिड रॉबर्टसन, जोनाथन नॉट, सुझाना मेल्की, माथियास पिंचर आणि २०२३ पासून पिएर ब्ल्योझ अशी दिग्दर्शकांची परंपरा आहे. आधी पॅरिसमधल्या पाँपिदू कलाकेंद्राच्या परिसरात इर्कामच्या सोबतीने, मग १९९५ पासून ला व्हिलेतच्या सिते द ला म्युझिकमध्ये आणि आता त्याच आवाराचा भाग झालेल्या फिलहार्मोनीत आपला मुक्काम आहे. २०२२ चे पोलार संगीत पारितोषिकही आपल्याला मिळाले. झेरार ग्रिझे यांची ‘मोद्युलासियाँ’ १९७८ मध्ये आपण प्रथम वाजवली. इलियट कार्टर यांची ‘पेंथोड’ आपण १९८५ मध्ये लंडनच्या प्रॉम्स संगीत महोत्सवात प्रथम सादर केली. पाँपिदू केंद्राबाहेरच्या चौकात पेरूच्या पावा-वादकांना ऐकून जॉर्ज बेंजामिन यांना सुचलेली ‘अंतारा’ १९८७ मध्ये आपल्याच हातून प्रथम उभी राहिली. या शेवटच्या रचनेचे मला विशेष कौतुक वाटते, कारण रस्त्यावरचा पावा आणि इर्कामच्या तळघरातला संगणक यांची भेट घडवून आणायला अंतर फार नव्हते, फक्त एक जिना उतरायचा होता.

एका रचनेपाशी मात्र मला थांबायचे आहे, कारण माझी विनंती तिच्यातूनच जन्मली. बुलेझ यांची ‘रेपाँ’ १९८१ मध्ये जर्मनीतल्या डोनाउएशिंगनला आपण प्रथम वाजवली. मध्यभागी चोवीस वादक बसतात, त्यांच्याभोवती श्रोते, आणि श्रोत्यांच्याही पलीकडे, सभागृहाच्या कडांना, सहा एकलवादक असतात: दोन पियानो, हार्प, सिंबालोम, व्हायब्रफोन आणि झायलोफोन-ग्लॉकेनश्पील. सिंबालोम म्हणजे आपल्या संतूरचा पाय फुटलेला, अंगाने थोराड असा युरोपीय भाऊ. सुरुवातीची काही मिनिटे फक्त मधला वृंद वाजतो आणि कडेचे सहाजण हात मांडीवर ठेवून बसून असतात. मी ही रचना प्रत्यक्ष ऐकली तेव्हा माझी खुर्ची सिंबालोमच्या जवळ होती. वाट पाहणाऱ्या त्या वादकाच्या हातातल्या दोन काठ्या, त्यांच्या टोकांना गुंडाळलेला कापूस, आणि आपली वेळ येण्याच्या जरा आधी त्याने सरळ केलेली पाठ, एवढे मला नीट आठवते. मग सहाही जणांनी एकदम आपापला स्वरगुच्छ छेडला. लाउडस्पीकरनी तो उचलला आणि सभागृहभर फिरवला, आणि माझ्या पाठीमागून जे आले ते मधल्या वृंदाच्या आवाजाला झाकून टाकणारे, धातूचा पाऊस पडावा तसे काहीतरी होते. मला ते अतिशय आवडले, पण त्या क्षणी हार्प काय करत होती याचा मला पत्ताच लागला नाही, कारण ती माझ्यापासून सर्वांत दूरच्या कडेला होती. घरी परतताना जाणवले की मी ‘रेपाँ’ ऐकली नव्हती. मी ‘रेपाँ’ची सिंबालोमच्या बाजूची एक चतुर्थांश ऐकली होती.

या रचनेचा स्वतःचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. पहिल्या प्रयोगात ती सुमारे वीस मिनिटांची होती. १९८२ मध्ये ती वाढली आणि १९८४ च्या आवृत्तीत चाळीस मिनिटांच्या पुढे गेली. आपल्या संस्थापकांनी पहिला प्रयोग हा कधीच शेवटचा शब्द मानला नाही. वाजवले, ऐकले, पुन्हा टेबलाशी बसले, पुन्हा वाजवले. त्यांना हे करता आले ते हाताशी आपण होता म्हणून. प्रश्न असा आहे की ज्यांच्या हाताशी स्वतःचा वृंद नाही अशा रचनाकारांचे काय?

इथे तो मराठी शब्द येतो. मराठीत नाटकाच्या खेळाला ‘प्रयोग’ म्हणतात आणि प्रयोगशाळेत जे करतात त्यालाही ‘प्रयोग’च म्हणतात. नाटकाच्या जाहिरातीत प्रयोगाचा आकडा छापलेला असतो, आणि वाचणारा त्या आकड्यावरून नाटकाचे वय, त्याची पकड आणि नटांचा सराव यांचा अंदाज बांधतो. नव्या संगीताच्या दुनियेत दुसऱ्या अर्थाच्या प्रयोगाला भरपूर मान आहे, पहिल्या अर्थाच्या प्रयोगाची मात्र मोजदाद कुणी करत नाही, कारण मोजायला बहुधा एकच असतो. जाहिरातीत ‘जगातील पहिला प्रयोग’ ठळक अक्षरांत छापतात. ‘दुसरा प्रयोग’ असे छापलेले मी अजून पाहिलेले नाही.

हे कुणाच्या दुष्टाव्यामुळे होत नाही, हे मी समजून आहे. नवी रचना लिहून घेण्यासाठी अनुदान मिळते, ती पुन्हा वाजवण्यासाठी मिळणे अवघड जाते. महोत्सवांना आपल्या नावावर पहिले प्रयोग हवे असतात आणि दुसऱ्या महोत्सवाने आधीच वाजवलेली रचना त्यांना शिळी वाटते. वृत्तपत्रांची जागा आधीच आक्रसलेली, त्यात पुन्हा वाजवलेल्या रचनेवर कोण लिहिणार? वादकप्रती प्रकाशकाकडून दर खेपेला भाडे भरून आणाव्या लागतात. रचनाकारही, खरे बोलायचे तर, पुढच्या कामाच्या मानधनावर जगत असतो आणि मागच्या कामाचा पाठपुरावा करायला त्याच्याकडे सवड नसते. अशा प्रत्येकाच्या शहाणपणाच्या निर्णयांतून एकत्रितपणे एक वेडेपणा तयार होतो: वर्ष वर्ष खपून लिहिलेली, कसलेल्या वादकांनी कसून बसवलेली रचना एका संध्याकाळी वाजते आणि कपाटात जाते.

काही वर्षांपूर्वी एका महोत्सवात, दुसऱ्याच एका वृंदाकडून, मी एका तरुण रचनाकाराची नवी रचना ऐकली. नावे सांगण्यात अर्थ नाही, कारण दोष कुणा एकाचा नाही. रचना बरीचशी मला कळली नाही. पण तिच्या मध्यावर बास क्लॅरिनेट आणि व्हायोला एकाच स्वरावर आले आणि मिनिटभर तो स्वर त्यांनी एकमेकांच्या हातांत दिला-घेतला, असा की श्वास कुठे संपतो आणि गज कुठे सुरू होतो ते ओळखू येईना. मला तेवढे एक मिनिट पुन्हा ऐकायचे होते. मैफल संपल्यावर मी धीर करून व्हायोलावादिकेला विचारले, ही रचना पुन्हा कधी? ती हसली आणि तिने मला आपली प्रत उघडून दाखवली. त्या मिनिटाच्या वर पेन्सिलने बारीक बाण काढले होते, एका जागी चष्म्याचे चित्र होते, म्हणजे इथे मान वर करून क्लॅरिनेटकडे बघायचे, आणि समासात तिच्या अक्षरात श्वासाची खूण होती. ती क्लॅरिनेटवादकाच्या श्वासाची खूण होती, तिच्या स्वतःच्या नव्हे. मग तिने सांगितले की या प्रती भाड्याच्या आहेत, सोमवारी परत जातील, आणि त्याआधी या सगळ्या खुणा खोडरबराने पुसून द्यायच्या असतात.

प्रती भाड्याने देताना प्रकाशक अशी अट घालतात हे मला तोवर माहीत नव्हते. अट रास्तच आहे; पुढच्या वादकाला कोरी प्रत मिळायला हवी. पण रचना पुढच्या वादकापर्यंत पोहोचणारच नसेल, तर त्या खोडरबराखाली काय जाते याचा विचार करावा. स्वरलिपीत जे लिहिता येत नाही आणि चार दिवसांच्या तालमीत जे सापडते, ते सगळे त्या पेन्सिलीच्या खुणांत असते. कुठला स्वर कुणाच्या आवाजाखाली बुडतो, कुठे कंडक्टरकडे न बघता शेजाऱ्याकडे बघायचे, कुठला वेग कागदावर शक्य दिसतो आणि हाताला शक्य होत नाही, हे ज्ञान पहिल्या प्रयोगाने कमावलेले असते. दुसरा प्रयोग तिथून सुरू व्हायला हवा. तो झालाच नाही, तर आपण दर वेळी पहिलीचा वर्ग भरवतो आणि दुसरीत कुणालाच पाठवत नाही.

वादकांच्या बाजूने जे खरे, ते श्रोत्यांच्या बाजूने अधिकच खरे. नवे संगीत अवघड असते अशी तक्रार लोक करतात, आणि त्यावर उपाय म्हणून आयोजक मैफलीआधी व्याख्याने ठेवतात, जाडजूड टिपणे छापतात. व्याख्यानांना माझा विरोध नाही, पण मी यमन ओळखायला शिकले ते व्याख्यानातून शिकले नाही. तो इतक्यांदा कानावर पडला की एक दिवस ओळखू आला. जे संगीत एकदाच ऐकायला मिळते ते अवघडच राहणार. त्यात संगीताचा किती भाग आणि वेळापत्रकाचा किती, हे पुन्हा ऐकल्याशिवाय ठरवता येत नाही.

ही काही माझी नवी युक्ती नाही. शोनबर्ग यांची चेंबर सिंफनी १९०७ मध्ये व्हिएन्नात प्रथम वाजली तेव्हा सभागृहात गोंधळ झाला होता. १९१८ मध्ये त्याच शहरात त्यांनी त्याच रचनेच्या दहा खुल्या तालमी घेतल्या. एक रचना, दहा तालमी, आणि श्रोते समोर बसलेले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी खासगी संगीतप्रयोगांसाठी एक मंडळ काढले. टाळ्यांना बंदी, समीक्षकांना प्रवेश नाही, आणि आज काय वाजणार हे आधी जाहीर करायचे नाही, म्हणजे आवडत्या नावासाठी येणे आणि नावडत्या नावासाठी घरी बसणे या दोन्हींची सोय नाही. हे नियम आज जाचक वाटतील, आणि टाळ्यांची बंदी मला स्वतःला मुळीच झेपणार नाही. पण त्या मंडळाचा हिशेब पाहावा: तीन वर्षांत ११७ मैफली, १५४ रचना आणि त्या रचनांचे एकूण ३५३ प्रयोग. म्हणजे सरासरीने प्रत्येक रचना दोनदा तर वाजलीच, आणि वर थोडी. पहिल्या महायुद्धानंतरच्या, उपासमारीने आणि चलनवाढीने पिचलेल्या व्हिएन्नात, सरकारी अनुदानाशिवाय हे झाले.

आपल्या बाबतीत पुनःप्रयोगाला आणखी एक निकड आहे, आणि ती इर्कामच्या शेजारातून येते. ‘रेपाँ’चा पहिला प्रयोग इर्काममध्ये बनलेल्या ‘४-एक्स’ नावाच्या संगणकीय यंत्रावर झाला. ते यंत्र आता संग्रहालयातली वस्तू झाले आहे. ‘रेपाँ’ मात्र आज वाजू शकते, कारण ती पुन्हा पुन्हा वाजवली गेली आणि दर टप्प्यावर कुणीतरी तिचा संगणकीय भाग नव्या यंत्रावर आणून बसवला. व्हायोलिनसाठी लिहिलेली रचना शंभर वर्षे कपाटात पडली तरी कागद उघडून वाजवता येते. संगणकासाठी लिहिलेली रचना वीस वर्षे कपाटात पडली तर तिची चावी हरवते: यंत्र बंद पडलेले, कार्यप्रणाली बदललेली, ज्या तंत्रज्ञाला सगळे पाठ होते तो निवृत्त झालेला. आपल्या पहिल्या दोन-तीन दशकांतल्या कितीतरी रचना याच प्रकारच्या आहेत. त्यांच्यासाठी दुसरा, तिसरा, दहावा प्रयोग हा जपणुकीचा मार्ग आहे, आणि तो उशीर सोसणारा नाही.

माझ्या विनंतीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप मला माहीत आहे. संध्याकाळी मोजक्याच असतात. जुनी रचना पुन्हा वाजवली तर एखाद्या विशीतल्या रचनाकाराची संधी जाते. हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही, कारण ज्यांना पहिली संधीच मिळालेली नाही त्यांच्यापुढे दुसऱ्या संधीची भाषा करणे हे भरल्या पोटाचे बोलणे वाटू शकते. पण विशीतल्या रचनाकाराला आपण नेमके काय देतो तेही बघावे. एक संध्याकाळ, एक ध्वनिमुद्रण आणि परिचयपत्रात एक ओळ. त्याची चूक कुठे झाली हे त्याला कळते ते पहिल्या प्रयोगाच्या रात्री, आणि ती दुरुस्त करून ऐकण्याची वेळ येत नाही. अमेरिकी रॉक संगीतकार फ्रँक झप्पा यांची ‘द परफेक्ट स्ट्रेंजर’ आपण जानेवारी १९८४ मध्ये वाजवली, तेव्हा तालीम कमी पडल्याची तक्रार त्यांनी पुढे उघडपणे केली होती. झप्पा यांचे नाव मोठे होते, त्यांची तक्रार छापली गेली. तरुण रचनाकार अशी तक्रार करत नाही, तो आभार मानतो. मला विचाराल तर दर हंगामात दहा नव्या रचना एकेकदा वाजवण्यापेक्षा सहा नव्या रचना वाजवाव्यात आणि त्यांतल्या चार पुढच्या हंगामात पुन्हा घ्याव्यात. त्यात चौघांचे नुकसान आहे, हे मी मान्य करते. तरीही माझे मत तेच राहते.

आणि एका संध्याकाळीही हे शक्य आहे, हे आपणच दाखवून दिले आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या पार्क अव्हेन्यू आर्मरीत माथियास पिंचर यांच्या दिग्दर्शनाखाली आपण ‘रेपाँ’ एकाच कार्यक्रमात दोनदा वाजवली, आणि दोन्हींच्या मध्ये श्रोत्यांना जागा बदलायला सांगितली. ज्यांनी आधी हार्पजवळ बसून ऐकली त्यांनी नंतर पियानोजवळ बसून ऐकली. मी तिथे नव्हते आणि त्याची हळहळ मला अजून आहे. ‘रेपाँ’साठी जे केले ते बारा मिनिटांच्या नव्या रचनेसाठी करणे तर फार सोपे आहे: मध्यंतराआधी एकदा, मध्यंतरानंतर एकदा. मधल्या वेळात लोक कॉफी पितील, आपसांत वाद घालतील आणि परत येताना कशाकडे कान द्यायचा ते ठरवून येतील. जागा बदलण्याची मुभा असेल तर आणखी उत्तम.

याच्या जोडीला दोन लहान मागण्या आहेत, आणि त्यांना पैसा जवळजवळ लागत नाही. पहिली खोडरबराविषयी आहे. भाड्याच्या प्रती परत जाण्याआधी त्यांतल्या खुणांची छायाचित्रे घेऊन, प्रकाशकांच्या संमतीने, आपल्या ग्रंथालयात ठेवावीत, आणि तीच रचना दुसऱ्या वृंदाने वाजवायला घेतली तर मागितल्यावर द्यावीत. दुसरी मागणी मराठी नाट्यगृहांकडून उचललेली आहे. आपल्या कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक रचनेच्या नावासमोर ती किती मिनिटांची आहे हे छापता, तसा हा आपला कितवा प्रयोग तेही छापावे. ‘मोद्युलासियाँ’समोर अमुक, नव्या रचनेसमोर एक. आकडा दिसू लागला की विचारणारेही तयार होतात, आणि अनुदान देणाऱ्यांच्या कचेरीतही तो आकडा कुणीतरी वाचते.

शेवटी एका रचनेची फर्माईश. जोनाथन हार्वे यांनी इर्कामसाठी लिहिलेली ‘भक्ती’ १९८२ मध्ये आपण प्रथम वाजवली. पंधरा वादक, त्यांच्याच वाद्यांच्या आवाजावर संगणकाने प्रक्रिया करून तयार केलेली ध्वनिफीत, बारा भाग, आणि स्वरलिपीत प्रत्येक भागाला जोडलेली ऋग्वेदातली वचने. माझ्या भाषेतला माणूस हे नाव वाचून थबकतो आणि जवळपास पन्नास मिनिटे चालणाऱ्या त्या संगीतात टाळ-चिपळ्या शोधू लागतो. त्या तिथे नाहीत. सुरुवातीला एकच स्वर आहे, वाद्यागणिक रंग बदलणारा, आणि ध्वनिफितीतला आवाज समोरच्या वादकाचा आहे की त्याच्या सावलीचा, हे बराच वेळ कळत नाही. निदान ध्वनिमुद्रणात तरी मला ते कळलेले नाही. प्रत्यक्ष सभागृहात, चारही बाजूंच्या लाउडस्पीकरमध्ये बसून ऐकल्यावर कदाचित कळेल. आपल्या स्थापनेला १९७६ पासून मोजता पन्नास वर्षे होत आहेत, आणि त्या निमित्ताने जुन्या कपाटातून काही काढणार असाल तर ही काढावी. बारा भागांपैकी पहिले दोन-तीन मध्यंतरानंतर पुन्हा वाजवता आले तर फारच बरे. तारीख ठरली की कळवावे. आधी मी डावीकडच्या लाउडस्पीकरजवळची जागा घेईन आणि नंतर उजवीकडची.

कळावे, लोभ आहे तो वाढावा.

आपली,
एक श्रोती